लग्नातला हा मॅनेजर नेमका कुणाचा? प्लॅनर, कोऑर्डिनेटर आणि इव्हेंटवाल्यांची कामं समजून घेताना

मुहूर्त निघाला की पूर्वी नाशिककर पहिली धाव कार्यालयाकडे घ्यायचे. तारीख मिळाली की अर्धं लग्न झालं, असं मानलं जायचं. आता त्याच दिवशी घरात दुसरा विषय निघतो : इव्हेंटवाल्याला द्यायचं की आपलं आपणच करायचं? मग चौकशी सुरू होते. लॉन्सचा मालक सांगतो, ‘आमचा कोऑर्डिनेटर असतो, तुम्ही निर्धास्त राहा.’ केटरर म्हणतो, ‘आमचा माणूस शेवटपर्यंत उभा असेल.’ डेकोरेटरही तेच म्हणतो. तीन-चार कोऑर्डिनेटर मिळाले म्हणून मुलीचे वडील सुस्कारा सोडतात. ऐन लग्नाच्या सकाळी कळतं की पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना लॉजवरून आणायला गाडी पाठवणं हे यांतल्या कुणाचंच काम नव्हतं.

यात फसवाफसवी असतेच असं नाही. त्या प्रत्येकाने आपापल्या कामापुरतं खरंच सांगितलेलं असतं. गोंधळ होतो तो सगळ्यांना एकच नाव असल्यामुळे.

नाशिकमध्ये हा विषय आता नीट समजून घ्यायला हवा, कारण सिंहस्थ आला आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ हा ध्वजारोहणाचा दिवस. नाशिकची अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ला आहेत आणि पर्व जुलै २०२८पर्यंत चालणार आहे. स्नानाच्या मुख्य तारखा चातुर्मासात येत असल्याने लग्नसराईशी त्यांची थेट टक्कर नाही. पण रस्ते, लॉज, भाड्याच्या गाड्या, बंदोबस्त या सगळ्यांवर वर्ष-दीड वर्ष ताण राहणार. (गुरू सिंह राशीत असताना लग्न करावं की नाही, हा प्रश्न आपल्या गुरुजींना विचारावा. घराघराची रीत वेगळी असते.) अशा काळात ‘बघून घेऊ’ म्हणून सोडलेली कामं सगळ्यात आधी अडतात.

आधी एवढंच विचारा : हा कुणाचा माणूस?

ठक्कर बाजारच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक बसलेला असतो. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागेल आणि कधी सुटेल, हे तो पाहतो. तुमची आजी गाडीत चढली का, तिची पिशवी खाली राहिली का, हे तो पाहणार नाही. त्याला साऱ्या स्टँडचा कारभार आहे. प्रवाशांकडे लक्ष द्यायला कंडक्टर असतो, तोही त्या एका गाडीपुरता. आणि कुठे जायचं, कितीच्या गाडीने, गाडी कुठे बदलायची, मुक्काम कुणाकडे, हे घरी बसून महिनाभर आधी तिसऱ्याच कुणीतरी ठरवलेलं असतं.

लग्नातही हीच तीन माणसं आहेत. कार्यालयाचा किंवा हॉटेलचा मॅनेजर हा वाहतूक नियंत्रक. ऐन दिवसाचा कोऑर्डिनेटर हा कंडक्टर. प्रवास आखणारा तो वेडिंग प्लॅनर. तिघेही हवेत. पण एकाचं काम दुसऱ्यावर टाकून चालत नाही, कारण तिघांचा मालक वेगळा, वेळ वेगळी आणि जबाबदारीची हद्दही वेगळी.

कार्यालयाचा मॅनेजर काय करतो

तो जागेचा माणूस आहे. हॉल वेळेवर उघडणं, वीज, पाणी, जनरेटर, स्वच्छतागृहं, वधूपक्ष-वरपक्षाच्या खोल्या, पार्किंगचे रखवालदार, खुर्च्या-टेबलं ही त्याची कामं. मोठ्या हॉटेलात त्याला बँक्वेट मॅनेजर म्हणतात आणि जेवणही त्याच्याच हाताखाली असतं. गंगापूर रोडच्या किंवा आडगावच्या बाजूच्या लॉन्सवर बहुतेक वेळा जागा एकाची आणि केटरर दुसरा असतो. तिथे मॅनेजरचा जेवणाशी संबंध एवढाच, की स्वयंपाकाच्या शेडला पाणी आहे का.

त्याचा पगार जागेचा मालक देतो, हे लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप उलगडतं. तुमचा कार्यक्रम लांबला तर तुम्हाला वेळ मिळवून देणं त्याच्या हिताचं नसतं, कारण संध्याकाळच्या पार्टीला हॉल रिकामा करून द्यायचा असतो. भिंतीला खिळा ठोकला, गवतावर रंग सांडला, तर तो जागेच्या बाजूने बोलणार. त्यात त्याची चूक नाही. तो त्याचं काम चोख करतो आहे.

त्याला बुकिंगच्या दिवशीच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. हॉल किती वाजता ताब्यात मिळेल आणि किती वाजता सोडायचा? आदल्या रात्री हळद असेल तर तो वेगळा दिवस धरणार का? जनरेटरचं डिझेल भाड्यात आहे की तासावर? डीजे बाहेरचा आणला तर चालेल का? सांगितलेल्या रकमेत जीएसटी धरला आहे का? शेवटचा प्रश्न बहुतेकांच्या तोंडून निघतच नाही आणि हिशेबाच्या दिवशी सगळ्यात मोठा वाद त्यावरूनच होतो.

आवाजाचा मुद्दाही इथेच येतो. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही आणि एरवीही लेखी परवानगी लागते. ही परवानगी काढायची कुणी? मॅनेजर म्हणेल डीजेवाल्याने, डीजेवाला म्हणेल यजमानांनी. वरात रस्त्याने जाणार असेल तर पोलीस ठाण्याचाही प्रश्न आहे. ही कामं कुणाची, ते नाव घेऊन ठरवा. जागा देणाऱ्याने ‘ते होऊन जातं’ असं म्हटलं, तरी ते त्याच्यावर सोडू नका.

प्लॅनर म्हणजे डेकोरेटर नव्हे

नाशिकमध्ये ‘इव्हेंटवाले’ हा एकच शब्द सगळ्यांना पुरतो. त्यातले बरेच मुळात मंडप आणि सजावटीच्या धंद्यातले आहेत. स्टेज, फुलं, लाइट, प्रवेशाची कमान हे त्यांचं कसब, आणि त्यात ते वाकबगार असतात. पण फुलांची कमान उभी करणं आणि आठशे पाहुण्यांचा दिवस आखणं ही वेगवेगळी कामं आहेत.

प्लॅनरचं काम लग्नाच्या कित्येक महिने आधी सुरू होतं. खर्चाचा आराखडा मांडणं, त्यात बसणारे केटरर, फोटोग्राफर, मेकअपवाले सुचवणं, त्यांच्याशी भाव ठरवणं, कुठला हप्ता कुणाला कधी द्यायचा याची वही ठेवणं, पाहुण्यांच्या खोल्या आणि गाड्या लावणं, आणि शेवटी मिनिटामिनिटाचा कार्यक्रम कागदावर उतरवणं. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षबागांमध्ये, रिसॉर्टवर बाहेरगावची मंडळी दोन-तीन दिवसांची लग्नं करतात. तिथे प्लॅनर जवळपास अटळच होतो, कारण वधूवरांच्या घरचं कुणी नाशिकमध्ये नसतं.

इथे पैशाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. प्लॅनरची फी साधारण दोन पद्धतींची असते : ठरलेली रक्कम किंवा एकूण खर्चाचे काही टक्के. समजा, दहा टक्के ठरले. पंधरा लाखांच्या लग्नात त्याला दीड लाख मिळतील आणि तेच लग्न वीस लाखांवर गेलं तर दोन लाख. म्हणजे खर्च वाढला की त्याचं उत्पन्न वाढतं. यावरून सगळे प्लॅनर खर्च वाढवतात असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण ज्यांचं अंदाजपत्रक घट्ट आहे त्यांनी ठरलेल्या रकमेचाच आग्रह धरावा, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा प्रश्न कमिशनचा. प्लॅनरने सुचवलेल्या केटररकडून किंवा डेकोरेटरकडून त्याला काही मिळतं का? मिळत असेल तर त्यात गुन्हा नाही, कित्येक धंद्यांत ते चालतं. पण ते तुम्हाला आधी माहीत असलं पाहिजे. ‘तुम्ही सांगितलेला केटरर सोडून आम्ही आमचा आणला तर तुमची फी बदलेल का?’ असं सरळ विचारा. उत्तर देताना माणूस किती मोकळा आहे, यावरून पुष्कळ कळतं.

ऐन दिवसाचा कोऑर्डिनेटर

ज्यांनी सगळं घरच्या घरी ठरवलं आहे, पण लग्नाच्या दिवशी धावपळ करायला माणूस हवा आहे, त्यांच्यासाठी ही तिसरी सोय. याला कुणी ‘फ्लोअर मॅनेजर’ म्हणतं, कुणी नुसतंच ‘कोऑर्डिनेटर’. त्याने नवं काही ठरवायचं नसतं. तुम्ही ठरवलेलं वेळेवर घडवून आणायचं, हेच त्याचं काम.

नावात ‘दिवस’ असला तरी एका दिवसात हे होत नाही. जो माणूस लग्नाच्या सकाळी पहिल्यांदा कार्यालयात येतो, त्याला मेन स्विच कुठे आहे हेही ठाऊक नसतं, मग नवरीची मावशी कोण हे कुठून कळणार? निदान दोन-तीन आठवडे आधी त्याच्या हातात सगळी यादी हवी : कुणाशी काय ठरलंय, किती पैसे दिलेत, किती राहिलेत, कुणाचा फोन नंबर काय. त्याने एकदा जागा पाहून यावी. केटरर, फोटोग्राफर, बँडवाले यांना स्वतः फोन करून वेळा पक्क्या कराव्यात. हे आधीचं काम करायला जो तयार नाही, त्याला घेण्यात फारसा अर्थ नाही.

मोठ्या लग्नात त्याच्या हाताखाली दोन-तीन पोरं असतात. एक वरपक्षाकडे, एक जेवणाकडे, आणि एकजण सतत नवरीच्या जवळ. त्या शेवटच्याला ‘शॅडो’ म्हणतात. शालू बदलायचा आहे, पाणी हवंय, गौरीहराच्या पूजेला बसायची वेळ झाली, हे तिने ओरडून सांगावं लागत नाही. शक्यतो या कामाला मुलगीच असावी, हे आवर्जून सांगून ठेवा.

जेवणाकडे कुणाचे डोळे आहेत?

या एका जागी मी वाचकांना जरा थांबायला सांगेन, कारण लग्नाच्या खर्चातला मोठा वाटा जेवणाचा असतो आणि तिथली जबाबदारी सगळ्यात धूसर असते.

केटररचा सुपरवायझर किंवा कॅप्टन हा वाढपी, आचारी, बुफेचे काउंटर यांवर देखरेख करतो. पदार्थ संपायच्या आधीच स्वयंपाकघरात निरोप जाणं, गरम पोळ्या येत राहणं, पंगत उठली की दुसरी बसणं हे तो उत्तम करतो. पण ताटं किती झाली हेही तोच मोजतो. ज्याला ताटामागे पैसे मिळायचे आहेत त्यानेच ताटं मोजायची, ही व्यवस्था कितीही प्रामाणिक माणसावर टाकली तरी चुकीचीच. तुमच्या बाजूचा एक माणूस त्या मोजणीत हवा. कोऑर्डिनेटर असेल तर त्याच्या कामात हे लिहून घ्या, नसेल तर घरचा एखादा शांत डोक्याचा जावई किंवा पुतण्या बसवा. रिकाम्या प्लेटांचा गठ्ठा सुरुवातीला किती होता आणि शेवटी किती उरला, हे दोघांनी मिळून पाहून सही केली की वाद उरत नाही.

‘गॅरंटी’ हा शब्दही नीट समजून घ्या. केटररला सहाशे ताटांची गॅरंटी दिली असेल तर पाचशे जेवले तरी पैसे सहाशेंचेच द्यायचे असतात. सहाशेच्या वर किती टक्के जास्तीची तयारी तो ठेवणार आणि त्यांचा भाव काय, हे आधी ठरवायचं. अन्नसुरक्षेची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणी आहे का हेही विचारायला संकोचू नका.

आणि विहिणींच्या पंगतीची जबाबदारी कुणाची, ते वेगळं ठरवा. बुफेच्या व्यवस्थेत ती हमखास विसरली जाते. रांगोळी, ताटाभोवतीची आरास, चांदीची भांडी आणायची आणि मोजून परत न्यायची, आग्रहाला कोण उभं राहणार, हे केटरर आपण होऊन विचारत नाही. तो मानाचा विषय आहे आणि मानाचं काम घरच्यांनीच पाहायचं असतं.

गुरुजींना विसरून चालणार नाही

सगळ्या कोऑर्डिनेटरांच्या वरचं घड्याळ गुरुजींकडे असतं. मुहूर्ताचं मिनिट ते सांगतात. अंतरपाट कधी धरायचा, मुलीच्या मामाने तिला कधी आणायचं, मंगलाष्टकं किती म्हणायची, अक्षता कधी वाटून झाल्या पाहिजेत, हे त्यांच्याच हातात. तरीही प्लॅनरने केलेला मिनिटामिनिटाचा कागद गुरुजींना दाखवलाच जात नाही, असं सर्रास होतं. मग सप्तपदी चालू असताना फोटोग्राफर ‘एक मिनिट, पुन्हा एकदा’ म्हणतो आणि गुरुजींचा पारा चढतो.

लग्नाच्या आठवडाभर आधी गुरुजी, फोटोग्राफर आणि कोऑर्डिनेटर यांचं एकदा फोनवर बोलणं करून द्या. विधी किती वेळ चालणार, होमाला किती जागा लागणार, मंडपात धूर जायला वाट आहे का, पूजेचं साहित्य गुरुजी आणणार की यादी देणार, एवढं बोलणं झालं तरी पुरे. बंदिस्त वातानुकूलित हॉलमध्ये होमाला परवानगी आहे का, हे मात्र मॅनेजरलाच विचारायचं.

आपल्या जिल्ह्यातल्या लग्नात आणखी एक माणूस असतो : माइकवरचा निवेदक. मान्यवरांची नावं घेणं, सत्कार, आशीर्वादपर दोन शब्द, हे सगळं त्याच्या तोंडून चालतं. मुहूर्त टळण्याचं एक मोठं कारण हे सत्कार असतात. निवेदकाला थांबवायचा अधिकार कुणाला, हे आधी ठरवून त्याला सांगून ठेवा. तो अधिकार कोऑर्डिनेटरला देऊ नये. पाहुण्या पुढाऱ्याच्या भाषणात त्याने हात घालणं कुणालाच रुचत नाही. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने निवेदकाला खूण केली की ते शोभून दिसतं.

‘घरची एवढी माणसं असताना पैसे कशाला द्यायचे?’

हा आक्षेप अगदी रास्त आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपली लग्नं भाऊबंद, शेजारी आणि गल्लीतल्या मित्रांनीच पार पाडली. आजही गावाकडे असंच होतं आणि त्यात जो जिव्हाळा असतो तो पैसे देऊन मिळत नाही.

फक्त एक गोष्ट तपासून पाहा : ज्या माणसांवर तुम्ही कामं सोपवणार आहात, त्यांना विधींमध्ये काही स्थान आहे का? नवरीच्या भावाचंच घ्या. घरात सगळ्यात धावपळ करणारा साधारण तोच. पण लाजाहोमात बहिणीच्या ओंजळीत लाह्या त्यानेच घालायच्या असतात. कानपिळी त्याची. पाठवणीच्या वेळी तिला सावरायलाही तोच हवा. तो जनरेटरवाल्याला शोधत पार्किंगमध्ये फिरत असेल तर त्या क्षणांना तो मुकतो, आणि ते क्षण पुन्हा येत नाहीत. मामाचं तेच, आत्याचं तेच. आई-वडील तर विधी संपेपर्यंत पाटावरून उठूच शकत नाहीत.

म्हणून घरची माणसं निवडायची तर विधींपासून मोकळी असलेली निवडा : भावाचे मित्र, ऑफिसातले सहकारी, लांबचे चुलत भाऊ. एकाला जेवण, एकाला गाड्या, एकाला वरपक्ष, असं एका माणसाला एकच काम. असे चार जण खरोखर मिळत असतील तर पैसे देऊन कोऑर्डिनेटर घ्यायची गरज नाही, हे मी मनापासून सांगते.

‘आमचं लग्न छोटंच आहे’

दीडशे-दोनशे माणसांचं एका दिवसाचं लग्न असेल, जागा आणि जेवण एकाच हॉटेलचं असेल, तर प्लॅनर लागत नाही. तिथला बँक्वेट मॅनेजर आणि घरचा एक मोकळा माणूस पुरतो. हळद वेगळ्या जागी, लग्न वेगळ्या जागी, रिसेप्शन तिसरीकडे असं झालं की मात्र दोनशे माणसांचं लग्नही अवघड होतं. माणसांपेक्षा जागा वाढल्या की कामं जास्त वाढतात.

कागदावर काय हवं

बोलणं व्हॉट्सअॅपवर झालं असलं तरी शेवटी एक लेखी करार हवा. त्यात कामांची यादी हवीच, पण ‘यात काय येत नाही’ हेही हवं. किती माणसं, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, प्रत्यक्ष कोण येणार (बोलणी करणारा एक आणि दिवसभर उभा राहणारा दुसराच, असं होतं), तारीख बदलली तर आगाऊ रकमेचं काय, हे त्यात यावं. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या. सेवा ठरल्याप्रमाणे मिळाली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. तिथे उपयोगी पडतो तो करार आणि पावत्याच.

दोन गोष्टी मात्र कुठल्याही कोऑर्डिनेटरच्या करारात घालू नका : दागिने आणि आहेराची पाकिटं. कितीही भरवशाची कंपनी असली तरी ती जबाबदारी घरातल्या एकाच ठरलेल्या व्यक्तीकडे, कुलपाच्या बॅगेसह असावी. कोऑर्डिनेटरही मनातून हेच मागत असतो, कारण काही हरवलं तर पहिला संशय बाहेरच्या माणसावर येतो.

आणि एक काम असं आहे जे सहसा कुठल्याच पॅकेजमध्ये नसतं. महाराष्ट्राच्या १९९८च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी ९० दिवसांच्या आत करायची असते. अर्जावर वधूवरांच्या सह्या लागतात, तीन साक्षीदारांच्या लागतात आणि विधी लावणाऱ्या गुरुजींचीही सही लागते. शहरात महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आणि गावात ग्रामपंचायतीत हा अर्ज जातो. लग्नानंतर साक्षीदार आपापल्या गावी पांगतात आणि लग्नसराईत गुरुजींना गाठणं कठीण होतं. म्हणून कोरा अर्ज आधीच आणून ठेवा. जेवणं झाल्यावर, गुरुजींना दक्षिणा देतानाच, सगळ्यांच्या सह्या एका बैठकीत घ्यायच्या, हे काम कुणाचं ते आजच एका माणसाच्या नावापुढे लिहून टाका.